थरारपटातला स्किझोफ्रेनिया आणि घरातला स्किझोफ्रेनिया

प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या बावीस वर्षांच्या धाकट्या भावाला तीन महिन्यांपूर्वी स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. औषधे सुरू आहेत, झोप सुधारली आहे, तो थोडेफार बोलू लागला आहे. मध्यंतरी त्यांनी एक मानसशास्त्रीय थरारपट पाहिला. नायकाचा जिवलग मित्र हा निव्वळ भास होता आणि सगळे खून नायकानेच केले होते, असे त्यात शेवटी उघड होते आणि त्याच क्षणी एक डॉक्टर या आजाराचे नाव उच्चारतो. तेव्हापासून ताई रात्री खोलीला आतून कडी लावून झोपतात आणि कडी लावताना त्यांना स्वतःचीच लाज वाटते. असे खरोखर घडते का, हे चित्रपट कितपत खरे असतात आणि भावाने ते पाहावेत का, असे त्यांनी विचारले आहे.

मी सव्वीस वर्षे मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो आहे आणि चित्रपटांचा मला शाळेपासून नाद आहे, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी जवळचा वाटतो. ताई, आधी त्या कडीबद्दल. तुम्हाला वाटलेल्या भीतीची लाज बाळगण्याचे कारण नाही, कारण ती भीती निर्माण करण्यासाठीच तो चित्रपट कसबी माणसांनी अतिशय मेहनतीने रचलेला असतो. थरारपटाला एक गोष्ट शेवटच्या वीस मिनिटांपर्यंत प्रेक्षकापासून लपवून ठेवावी लागते. ती लपवण्यासाठी पूर्वी जुळा भाऊ किंवा वेषांतर उपयोगी पडत असे, आता नायकाचा मनोविकार उपयोगी पडतो. नायकाला जे दिसते तेच आपल्याला दाखवायचे आणि मग ते खरे नव्हते असे सांगायचे, ही युक्ती पटकथाकाराला फार सोयीची आहे. मात्र त्या युक्तीत बसवण्यासाठी आजाराचा आकार बदलावा लागतो, आणि चित्रपटांतल्या बहुतेक चुका या अज्ञानापेक्षा त्या आकार बदलण्यातून येतात, असे माझे मत आहे.

सुरुवात नावापासूनच करावी लागेल. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली वापरात आणला आणि १९११ साली त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. ग्रीक भाषेतल्या ‘फुटणे’ आणि ‘मन’ या अर्थांच्या शब्दांतून त्यांनी तो घडवला. विचार, भावना आणि इच्छा एरवी एकमेकींचा हात धरून चालतात, त्यांची आपसातली बांधणी या आजारात सैल होते, एवढेच त्यांना सांगायचे होते. आपल्याकडे त्याला ‘छिन्नमनस्कता’ हा प्रतिशब्द आला, वर्तमानपत्रांनी ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ असे रूप रूढ केले, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एका शरीरात राहणारी दोन माणसे उभी राहिली. एका शरीरात आळीपाळीने वेगवेगळ्या ओळखी वावरणे हा निराळा आणि बराच दुर्मीळ विकार आहे. त्याला डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात, आणि त्याची कारणे, त्याचे उपचार, सगळेच वेगळे असते. १९६०च्या ‘सायको’मध्ये शेवटी मनोविकारतज्ज्ञ जे स्पष्टीकरण देतो ते मुलगा आणि त्याची मृत आई अशा दोन व्यक्तिमत्त्वांचे आहे. १९९९च्या ‘फाइट क्लब’मध्येही नायकाच्या नकळत त्याचेच दुसरे रूप वावरत असते. हे दोन्ही चित्रपट स्किझोफ्रेनियाचे नाहीत, तरीही नव्या रुग्णाचे नातेवाईक माझ्यासमोर बसून ‘म्हणजे त्याच्यात दुसरा कोणीतरी आहे का?’ असे विचारतात, तेव्हा त्या प्रश्नामागे बहुधा असाच एखादा चित्रपट असतो. जपानमध्ये या आजाराच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘मन फुटण्याचा रोग’ असा होता. रुग्णांच्या कुटुंबीयांनी लावून धरल्यावर तिथल्या तज्ज्ञ संघटनेने २००२ साली ते नाव बदलले.

आता भासांविषयी, कारण चित्रपटांची सारी भिस्त त्यांच्यावर असते. पडद्यावरचा भास हा चांगले कपडे घातलेला, स्पष्ट बोलणारा, नायकाशी वर्षानुवर्षे मैत्री ठेवणारा पूर्ण माणूस असतो. स्किझोफ्रेनियामध्ये सर्वाधिक आढळणारे भास कानांचे असतात. डोळ्यांचे भास होतच नाहीत असे नाही, परंतु ते कमी आढळतात आणि वर्षानुवर्षे टिकणारा, सुसंगत संभाषण करणारा, केवळ डोळ्यांना दिसणारा मित्र मी माझ्या सगळ्या कारकिर्दीत पाहिलेला नाही. ऐकू येणारे आवाज कसे असतात, हे एका तरुणाने मला फार नेमके सांगितले होते. तो खुर्चीवरून उठला की आवाज म्हणे, ‘उठला बघ’. चप्पल घालू लागला की, ‘आता डावी घालतोय, बघ, आता उजवी’. आणि मग दुसरा आवाज पहिल्याला विचारी, ‘याला लाज कशी वाटत नाही?’ हे दोघे त्याच्याविषयी बोलत, त्याच्याशी नव्हे. हे सांगताना तो मधेच थांबे, मान किंचित डावीकडे कलती करी, ओठ न उघडता काहीतरी पुटपुटे आणि मग मी काय विचारले होते ते मला पुन्हा विचारी. घरी तो दिवसभर कानांत इअरफोन घालून बसे. घरच्यांना वाटे की मुलगा गाण्यांत गुंग आहे, आणि तो मात्र कोणाचे तरी अखंड बोलणे ऐकत ते आवाज थोडे मागे सारत असे. हा माणूस पडद्यावर कंटाळवाणा दिसेल, कारण त्याच्या बाबतीत कॅमेऱ्याला टिपण्याजोगे फारसे काहीच घडत नाही.

२००१च्या ‘अ ब्यूटिफुल माइंड’चा दाखला इथे घ्यावाच लागतो, कारण गणितज्ञ जॉन नॅश यांच्यावरील हा चित्रपट थरारपट म्हणून बनवलेला नसला तरी त्याचा पहिला अर्धा भाग थरारपटाच्याच रीतीने प्रेक्षकाला फसवतो. वसतिगृहातला खोलीतला सोबती, त्याची लहान भाची आणि गुप्त कामगिरी सोपवणारा सरकारी अधिकारी हे तिघे आपल्याला दिसतात आणि नंतर ते नव्हतेच असे कळते. खऱ्या नॅश यांना अशी माणसे दिसत नव्हती. १९५९च्या सुमारास त्यांचा आजार उघड झाला तेव्हा वर्तमानपत्रांत आपल्यासाठी सांकेतिक संदेश छापले जातात असे त्यांना वाटत होते, आणि पुढे त्यांना आवाज ऐकू येऊ लागले. ती लहान मुलगी कधीच मोठी होत नाही, हे एका क्षणी लक्षात येऊन चित्रपटातल्या नॅशना आपला आजार उमगतो. खऱ्या नॅशनी, १९९४ साली नोबेल मिळाल्यानंतर लिहिलेल्या आत्मकथनात, आपण भ्रमाच्या वळणाचे विचार हळूहळू बुद्धीने नाकारू लागलो, असे म्हटले आहे. त्या ‘हळूहळू’मध्ये अनेक वर्षे आहेत. आणखी एक फरक असा की चित्रपटात ते नव्या प्रकारची औषधे घेत असल्याचे एका वाक्यात सांगतात, प्रत्यक्षात त्यांनी १९७० नंतर औषधे घेतली नव्हती. चित्रपटातले ते वाक्य खोटे असले तरी डॉक्टर म्हणून मला त्याची चीड येत नाही. औषधांशिवाय सावरलेली माणसे आहेत, पण ती आधी ओळखता येत नाहीत, आणि त्यांच्या भरवशावर औषधे सोडून पुन्हा कोसळलेले अनेक तरुण मी पाहिले आहेत.

भ्रमाचे, म्हणजे पुराव्यानेही न हलणाऱ्या खोट्या खात्रीचे, चित्रण हा दुसरा मोठा गोंधळ आहे. थरारपटाला उलगडा लागतो, म्हणून तिथे कोणीतरी नायकासमोर छायाचित्र, जुनी फाइल किंवा रिकामी खोली ठेवते आणि नायकाचा भ्रम काचेसारखा फुटतो. ज्यांनी २०१०चा ‘शटर आयलंड’ पाहिलेला नाही त्यांची क्षमा मागून सांगतो की तिथे तर संपूर्ण रुग्णालय एक नाटक उभे करते, ते नाटक नायकाला सत्यापर्यंत आणेल या आशेने. त्या नायकाचे दुखणे स्किझोफ्रेनियापेक्षा आघात आणि अपराधभाव यांच्या अधिक जवळचे आहे, तरीही प्रेक्षक त्याला याच खात्यात टाकतात. पुरावा समोर ठेवल्यावर गळून पडली असती तर त्या खात्रीला आम्ही भ्रम म्हटलेच नसते. शेजारी भिंतीपलीकडून आपले विचार ऐकतात, अशी खात्री असलेल्या मुलाला त्याच्या वडिलांनी शेजाऱ्यांच्या घरी नेऊन प्रत्येक खोली दाखवली. परत आल्यावर मुलगा म्हणाला, ‘बघा, मी येणार हे त्यांना आधीच कळलं होतं, सगळं आवरून ठेवलंय.’ आपण आजारी आहोत हेच न जाणवणे हा या आजाराचाच भाग आहे, हट्टीपणा नव्हे. औषधांनी खात्रीची धार बोथट होते, ती गोष्ट मनाच्या मध्यावरून कडेला सरकते, आणि सहा-आठ महिन्यांनी रुग्ण म्हणतो, ‘असेल तसं काही, पण आता मी त्याचा फार विचार करत नाही.’ आमच्या व्यवसायात याला मोठे यश म्हणतात. पडद्यावर याने एकही टाळी पडणार नाही.

भास आणि भ्रम यांच्याहून रुग्णाचे आयुष्य अधिक पोखरणारा भाग चित्रपटांत जवळजवळ नसतोच. इच्छाशक्ती ओसरणे, चेहऱ्यावरचे भाव मावळणे, बोलणे एका-दोन शब्दांवर येणे, कशातच गोडी न वाटणे, लोकांत मिसळावेसे न वाटणे यांना आम्ही उणी लक्षणे म्हणतो. त्यांच्या जोडीला लक्ष टिकवण्याची, ताजी गोष्ट ध्यानात ठेवण्याची आणि कामाचा क्रम लावण्याची क्षमता घटते. एका आईने मला सांगितले होते की तिचा मुलगा सकाळी ब्रशवर पेस्ट लावून बेसिनसमोर उभा राहतो आणि अर्ध्या तासाने ती पुन्हा जाते तेव्हा तो तसाच उभा असतो. ब्रश हातात आणि पेस्ट वाळलेली. तो आवाज ऐकत नव्हता, त्याला भीतीही वाटत नव्हती. पुढची हालचाल सुरू करणारी कळच जणू दबत नव्हती. घरचे लोक याला आळस म्हणतात, टोमणे मारतात, आणि घरातल्या सततच्या टीकेने आजार उलटण्याचा धोका वाढतो हे १९७०च्या दशकापासूनच्या संशोधनातून पक्के झालेले आहे. एखाद्या दिग्दर्शकाने ते बेसिन, तो ब्रश आणि दाराशी उभी असलेली ती आई तीन मिनिटे न हलणाऱ्या कॅमेऱ्याने दाखवली, तर त्या तीन मिनिटांत या आजाराविषयी अनेक थरारपटांहून अधिक सांगून होईल.

हे केवळ माझे निरीक्षण नव्हे. १९९० ते २०१० या काळातल्या ४१ इंग्रजी चित्रपटांतल्या स्किझोफ्रेनिया असलेल्या ४२ पात्रांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक पात्रांत भ्रम आणि भास ठळकपणे दाखवलेले होते, बहुतेक पात्रे स्वतःवर किंवा इतरांवर हिंसा करणारी होती, आणि हिंसा करणाऱ्यांपैकी जवळपास एकतृतीयांश पात्रे जीव घेणारी होती. जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतो. चित्रपटांतले डॉक्टर अजूनही मोठ्या गांभीर्याने ‘पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया’ असे निदान सांगतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने असे सगळे उपप्रकार २०१३ सालीच काढून टाकले आहेत.

आता तुमच्या कडीकडे परत येतो. हिंसेविषयी मी तुम्हाला गोड खोटे सांगणार नाही. उपचार न झालेल्या अवस्थेत, विशेषतः पहिल्या झटक्यात आणि दारू किंवा अमली पदार्थांची जोड असेल तर, हिंसेचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा वाढतो, हे खरे आहे. त्याच वेळी हेही तितकेच खरे आहे की हा आजार असलेली बहुसंख्य माणसे कोणावरही कधी हात उचलत नाहीत, आणि हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता त्यांच्या बाबतीत अधिक असते. जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना हा आजार आहे, म्हणजे साधारण दर ३०० माणसांमागे एकाला. थरारपटांतला आजार खरा असता तर एवढी माणसे आपल्या आसपास निमूटपणे जगताना दिसली नसती. मला रात्री जागे ठेवणारी काळजी वेगळी आहे. या आजारात सुमारे ५ टक्के लोक आत्महत्येने जातात, आणि आजाराची पहिली काही वर्षे, त्यातही रुग्णालयातून घरी परतल्यानंतरचे दिवस, विशेष जपण्याचे असतात. भावाने निराशेचे किंवा जगण्यात अर्थ नसल्याचे काही बोलले, आवाज त्याला स्वतःला इजा करण्याचे हुकूम देत असतील, किंवा तो उगाच निरवानिरवीची भाषा करू लागला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तो कोणाला धमकी देऊ लागला किंवा त्याने औषधे सोडून व्यसन धरले, तरीही तेच करा. अशी चिन्हे नसताना केवळ आजाराच्या नावाला घाबरून वागणे त्याच्या ध्यानात येते. या आजारात माणसे चेहऱ्यांवर फार बारीक लक्ष ठेवतात.

चित्रपटाने असा पूर्वग्रह खरोखर वाढतो का, असे विचाराल तर निदान त्या क्षणापुरता वाढतो असे दिसते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही प्रेक्षकांना ‘जोकर’ आणि काहींना यंत्रमानवांचा एक साहसपट दाखवला गेला. ‘जोकर’ पाहिलेल्यांच्या मनात मनोविकार असलेल्यांविषयीचा पूर्वग्रह अधिक आढळला. त्या चित्रपटात आजाराचे नेमके नाव घेतलेले नाही, सरकारी मदत बंद पडल्याचे त्यातले चित्र कळकळीचे आहे आणि मुख्य अभिनय असामान्य आहे, हे सगळे मला मान्य आहे. तरीही औषधे सुटली आणि माणूस मारेकरी झाला, ही जोडी प्रेक्षक घरी घेऊन जातो, आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये स्वतःशी पुटपुटणारा एखादा मुलगा दिसला की शेजारची जागा सोडून उठतो.

याला एक उजवा अपवाद मला सांगायलाच हवा. १९९३चा ‘क्लीन, शेव्हन’ हा लॉज केरिगन यांचा छोटा, फार थोड्यांनी पाहिलेला चित्रपट आहे. आपल्या डोक्यात ग्रहणयंत्र आणि बोटात प्रक्षेपक बसवला आहे अशी खात्री असलेला एक बाप आपल्या लहान मुलीला शोधत फिरतो, आणि लहान मुलांच्या खुनाचा तपास करणारा एक पोलीस त्याच्या मागावर असतो. रेडिओची खरखर, तुटके आवाज, तारांचा गुणगुणाट यांनी दिग्दर्शकाने आजार कानांतून आपल्या आत घातला आहे, आणि म्हणूनच तो मी पाहिलेल्या खऱ्या रुग्णांच्या वर्णनाच्या इतका जवळ जातो. त्यातले एक दृश्य, नखाचे, अतिशय असह्य आहे, त्यामुळे तो कोणालाही सहज पाहा असे मी म्हणणार नाही. पण मला त्याचे मोल वाटते ते दुसऱ्याच कारणाने. संपूर्ण चित्रपटभर आपण त्या बापाला खुनी धरून चालतो आणि शेवटी आपल्या हातात त्याच्याविरुद्ध ठोस असा एकही पुरावा नसतो. इथे कलाटणी आहे, पण ती आजाराच्या नव्हे तर प्रेक्षकाच्या डोक्यातल्या समजुतीची आहे. थरारपटाची चौकट राखूनही प्रामाणिक राहता येते, याचा हा पुरावाच आहे. थराराची अट नसेल तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४चा ‘देवराई’ आहे. अतुल कुलकर्णी यांचा शेष आणि त्याला सांभाळताना दमणारी, चुकणारी, पुन्हा उभी राहणारी बहीण यांच्यात तुम्हाला तुमचे स्वतःचे घर बरेच सापडेल. मराठीत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याची एक चांगली पद्धत रुजते आहे. त्या शुभंकराची दमणूक पडद्यावर इतक्या समजुतीने मी क्वचितच पाहिली आहे.

उपचारांच्या चित्रणावर थोडक्यात बोलतो. पट्ट्यांनी बांधलेला रुग्ण, जबरदस्तीची इंजेक्शने, अंधारे व्हरांडे हेच चित्रपटांतले रुग्णालय असते, आणि ते पाहून किती कुटुंबे पहिली भेट लांबवत असतील याचा विचार करून मला वाईट वाटते, कारण उपचार जितके उशिरा सुरू होतात तितके सावरणे अवघड जाते. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा उपयोग दिसून आल्यापासून या आजाराचा मुख्य उपचार म्हणजे रोज घ्यायची गोळी किंवा काही आठवड्यांनी घ्यायचे इंजेक्शन हाच राहिला आहे. त्याचे खरे प्रश्न फार साधे असतात. वजन वाढते, सकाळी जड वाटते, हात थरथरतात. क्लोझापिन हे औषध चालू असेल तर सुरुवातीचे महिने रक्त नियमित तपासावे लागते आणि रात्री तोंडातून लाळ गळून उशी ओली होते. भावाला यातले काही होत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. मात्रा किंवा औषध बदलता येते, आणि न सांगितलेल्या त्रासापोटीच बहुतेक रुग्ण गोळ्या गुपचूप सोडतात.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. संशय, पाठलाग, गुप्त कट आणि ‘तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस’ असे सांगणारे कथानक असलेले चित्रपट उपचारांच्या पहिल्या वर्षात तरी त्याने न पाहिलेले बरे, असे मला वाटते. तो बिघडेल म्हणून नव्हे. पण ज्याला आताच कुठे खरे-खोटे पुन्हा पारखता येऊ लागले आहे त्याला दोन तास पुन्हा त्याच धुक्यात बसवण्याची काही गरज नाही. मात्र त्याच्यापासून रिमोट लपवू नका, त्याने पाहायचे ठरवलेच तर सोबत बसा, आणि संपल्यावर टीव्ही बंद करून त्याला काय वाटले ते विचारा. आवाजांविषयी तो काही बोललाच तर ‘असं काही नसतं’ म्हणून वाद घालू नका आणि ‘हो, मलाही ऐकू येतं’ असेही म्हणू नका. ‘मला ते ऐकू येत नाही, पण तुला त्याचा त्रास होतोय हे मला दिसतंय’ एवढे म्हणा आणि थांबा. त्याच्या डॉक्टरांनाच त्याच्या बाबतीतला धोका नेमका विचारा, संकोच न करता, कडीचा उल्लेख करून विचारा. त्यांनी काळजीचे काही नाही असे सांगितले आणि तरीही काही दिवस कडी लावाविशी वाटली तर लावा. मात्र झोपायच्या आधी त्याच्या खोलीत डोकावून त्याच्याशी दोन शब्द बोलून मग लावा.